तिकीट अर्धे, गाडी रद्द

एसटीच्या सवलतींवरचा वाद आपल्याकडे ठरावीक साच्यातच पेटतो. एक बाजू म्हणते, फुकट्यांनी महामंडळ बुडवले. दुसरी म्हणते, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तिकिटावर डोळा ठेवता, लाज कशी वाटत नाही? 2025 च्या फेब्रुवारीत परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी सवलतींमुळे एसटीला दिवसाला तीन कोटींचा तोटा होतो असे सांगितले, आणि हाच सामना पुन्हा एकदा रंगला. मग सवलती बंद होणार नाहीत असा खुलासा सरकारमधूनच आला आणि सगळे शांत झाले. तो तोटा मोजला कसा, ते पैसे कोण कोणाला देणे लागतो आणि ज्या गाडीत ही सवलत मिळायची ती गाडी गावात येते तरी का, हे विचारायचे राहूनच गेले.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. ज्येष्ठांच्या आणि दिव्यांगांच्या सवलती राहिल्याच पाहिजेत, आणि ज्या गरीब प्रवाशाला आज काहीच मिळत नाही त्याच्यापर्यंतही स्वस्त प्रवास पोचला पाहिजे. पण त्यासाठी प्रत्येक तिकिटामागे मागाहून, उपकार केल्यासारखे पैसे देण्याची आजची पद्धत मोडीत काढायला हवी. सरकारने एसटीकडून फेऱ्या विकत घ्याव्यात, आगाऊ पैसे मोजून. तिकिटाच्या दरावर भांडणारे दोन्ही पक्ष फेरीबद्दल बोलतच नाहीत, आणि म्हातारा माणूस स्थानकात अडकून पडतो तो फेरी नसते म्हणून.

आज व्यवस्था कशी चालते ते पाहा. 75 वर्षांवरील ज्येष्ठांना 26 ऑगस्ट 2022 पासून प्रवास मोफत आहे. 65 ते 75 वयोगटाला निम्मे तिकीट, 17 मार्च 2023 पासून सर्व महिलांना निम्मे, दिव्यांगांना 75 टक्के सूट. वाहकाच्या मशीनमधून शून्य रुपयांचे तिकीट निघते, त्याची नोंद आगारातून विभागात, विभागातून मुंबईच्या मध्यवर्ती कार्यालयात जाते आणि प्रतिपूर्तीची, म्हणजे सवलतीचे पैसे भरून देण्याची, मागणी मंत्रालयात पोचते. पैसे यायचे तेव्हा येतात, यायचे तेवढे येतात. आता सांगा, गावच्या वाण्याकडून सरकारने उधारीवर तांदूळ उचलला, लोकांना वाटला आणि उधारी थकवली, तर वाण्याच्या नुकसानीबद्दल तांदूळ खाणाऱ्यांना बोल लावायचा का? सवलत सरकारने जाहीर केलेली असते, अर्थसंकल्पात तिच्यासाठी तरतूद असते. महामंडळाला जी झळ बसते ती थकबाकीची.

तोटा मोजण्याची रीतही तपासायला हवी. पूर्ण तिकीट आणि घेतलेले तिकीट यांतल्या फरकाला प्रवासीसंख्येने गुणले की मोठा आकडा हाती येतो. त्यात गृहीत असे धरलेले असते, की हे सगळे प्रवासी पूर्ण तिकीट काढूनही आलेच असते. आले असते का? लेकीकडे महिन्यातून एकदा जाणारी आजी आता दोनदा जाते, गुडघे दुखतात म्हणून घरात बसून राहणारी बाई तालुक्याच्या दवाखान्यात जाते. पूर्ण तिकीट असते तर त्या घरीच राहिल्या असत्या, आणि 44 आसनांची गाडी तेवढेच डिझेल जाळून निम्मी रिकामी धावली असती. रिकामे आसन भरल्याने गाडीचा खर्च वाढत नाही. खर्च वाढतो तो गर्दीमुळे जादा गाडी सोडावी लागली तर, आणि त्या खर्चाचा हिशेब वेगळा ठेवता येतो. तो ठेवण्याऐवजी आपण गुणाकार करून दचकतो.

एसटीचा तोटा सवलतींच्या आधीचा आहे, हेही बहुतेक चर्चांमध्ये कोणी बोलत नाही. संचित तोटा आज दहा हजार कोटींच्या वर गेला आहे खरा. पण महिलांची सवलत 2023 ची. त्याआधी टाळेबंदी झाली, त्याआधी अनेक वर्षे गाड्यांची खरेदी रखडली, आणि 2021 च्या दिवाळीपासून पुढच्या एप्रिलपर्यंत राज्य शासनात विलीनीकरणासाठी कर्मचाऱ्यांचा संप चालला. त्या काळात ज्या आगारांचा प्रवासी वडापच्या जीपकडे आणि ट्रॅव्हल्सकडे वळला, त्यांना विचारा तो परत किती आला. भरीला 17.5 टक्के प्रवासी कर. वर्षानुवर्षे सरकार एका हाताने एसटीच्या तिकिटातून कर घेते आणि दुसऱ्या हाताने सवलतीचे पैसे देताना हात आखडता घेते.

आणखी मागे गेले तर मूळ दुखणे सापडते. 1 जून 1948 रोजी पुणे ते अहमदनगर पहिली गाडी धावली. खासगी मोटारवाल्यांकडून मार्ग काढून घेऊन एका संस्थेकडे दिले, त्यामागचा विचार सरळ होता: मुंबई–पुण्यासारख्या भरल्या मार्गाने कमवायचे आणि त्यातून डोंगरातल्या वस्तीची गाडी चालवायची. 'गाव तेथे एसटी' ही घोषणा त्या अंतर्गत सवलतीवर उभी होती आणि त्यासाठी सरकारला वेगळा धनादेश फाडावा लागत नव्हता. मग कंत्राटी परवान्यावरच्या आरामबसना टप्पा वाहतूक, म्हणजे वाटेत थांबत प्रवासी घेणे, करू दिली, निदान तिच्याकडे कानाडोळा केला. मलईचे मार्ग गेले आणि ताकाचे मार्ग एसटीकडे राहिले. मुंबईत 'बेस्ट'चेही वेगळे झाले नाही. वीज विभागाचा पैसा बसच्या तोट्याला टेकू देत होता, तो टेकू गेला आणि बस उघड्यावर पडली. म्हणजे गरिबांच्या प्रवासाचा खर्च पूर्वीही कोणीतरी उचलतच होते. तो डोळ्यांना दिसत नव्हता, एवढेच.

फुकट वाटपाला हिणवणारा 'रेवडी' हा शब्द कोणासाठी राखून ठेवला आहे तेही बघण्यासारखे आहे. 2023 च्या मार्चमध्ये राज्याचा अर्थसंकल्प मांडला गेला. महिलांना एसटीत निम्मे तिकीट ही घोषणा त्यातली, आणि मुंबई, पुणे, रायगडात विमानाच्या इंधनावरचा कर 25 टक्क्यांवरून 18 वर आणण्याची घोषणाही त्याच भाषणातली. पहिलीवर अग्रलेख पडले. दुसरीवर मध्यमवर्गाच्या कोणत्या व्हॉट्सअ‍ॅप गटात वाद झाला? 'उडान' योजनेत निम्म्या आसनांचे भाडे तासाभराच्या प्रवासाला अडीच हजारांच्या आसपास बांधले आणि पडणारी तफावत सार्वजनिक निधीतून भरली. 27 एप्रिल 2017 ला या योजनेची जी पहिली विमाने उडाली त्यांत नांदेड–हैदराबाद होते. नांदेडला विमान मिळाले याचा मला आनंदच आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर मोटारींचा टोल माफ झाला, तोही निवडणुकीच्या तोंडावर. मोटारीच्या काचा खाली न करता नाका ओलांडणाऱ्याला आपण फुकट्या आहोत असे वाटत नाही. आपण शून्याचे तिकीट हातात घेतलेल्या आजोबांकडे बघतो.

आता विरोधकांचे सर्वांत वजनदार म्हणणे. वयावर दिलेली सवलत आंधळी असते. वर्ग एकचा निवृत्त अधिकारी पंचाहत्तरी ओलांडली की फुकट जातो, आणि चाळिशीतला शेतमजूर, विटभट्टीवरचा कामगार, जानेवारी 2025 च्या 14.95 टक्के भाडेवाढीसकट पूर्ण तिकीट काढतो. याला उत्तर नाही असे मी म्हणणार नाही, पण सोपे उत्तरही नाही. हे वास्तव आहे आणि सवलतीच्या बाजूने बोलणारे ते सोयीस्करपणे विसरतात. एसटीत गरिबीची म्हणून सवलतच नाही. वय, लिंग, अपंगत्व, विद्यार्थीपण, सन्मान, अशा डझनावारी वर्गांच्या यादीत नुसताच गरीब असलेला धडधाकट पुरुष बसत नाही.

मग उत्पन्नाचा दाखला मागावा का? दारिद्र्यरेषेच्या याद्यांचा आपला अनुभव काय सांगतो? यादीत ट्रॅक्टरवाला असतो आणि विधवा नसते. दाखल्यासाठी तलाठ्याकडे, मग सेतू केंद्रात, मग तहसीलला. सवलतीचे तिकीट मिळवण्यासाठी पूर्ण तिकिटाच्या चार चकरा. वयाचा पुरावा त्यामानाने सोपा, तरी तोही बघा कसा असतो. आमच्या आधीच्या पिढीतल्या निम्म्या लोकांची जन्मतारीख 1 जून आहे, कारण मास्तरांनी शाळेत नाव घालताना तीच लिहिली (एसटीचा वाढदिवसही त्याच दिवशी, हा निव्वळ योगायोग). शाळेचे तोंडही न पाहिलेल्यांचे वय आधारवाल्या मुलाने अंदाजाने टाकले. पाठीत वाकलेल्या बाबांचे आधारवर चौऱ्याहत्तर भरते आणि मागच्या आसनावरचे त्यांचे धाकटे भाऊ अठ्ठ्याहत्तरचे निघतात. वाहक काय करणार? मशीन जे मागते तेच तो करतो. बनावट आधारकार्डे काढणारे आहेत, त्यांना पकडावे. त्यावर जास्त शाई घालवण्यात अर्थ नाही.

त्यापेक्षा गाडीच चाळणीचे काम चांगले करते. दारात मोटार असलेला निवृत्त अधिकारी सकाळी सहाच्या साध्या लाल गाडीने, खिळखिळ्या खिडकीशेजारी बसून, तालुक्याला जात नाही. तो शिवनेरीत बसतो. तामिळनाडूने मे 2021 मध्ये महिलांना मोफत प्रवास दिला तो साध्या शहरी गाड्यांत, आरामगाड्यांत दिला नाही. आपण मात्र साधीपासून शिवनेरीपर्यंत सगळीकडे सारखीच सवलत वाटली. साध्या गाडीचे भाडे सर्वांसाठीच खाली आणले, तर तो चाळिशीतला मजूर कुठलाही दाखला न दाखवता आत येतो. पैसे कुठून, हे पुढे सांगतो.

दुसरा वजनदार आक्षेप गर्दीचा. निम्म्या तिकिटाने गाड्या ओसंडल्या, शाळेच्या मुलांना आत शिरता येत नाही, रोजचा नोकरदार दांड्याला लोंबकळतो. खरे आहे. पण दुकानात गिऱ्हाईक वाढले ही तक्रार दुकानदाराने करायची नसते. मुंबईत हा धडा आधीच गिरवला गेला. जुलै 2019 मध्ये 'बेस्ट'चे किमान भाडे आठ रुपयांवरून पाचवर आले, लोक बसकडे वळले. मात्र स्वमालकीच्या गाड्या घटत गेल्या, भाडेतत्त्वावरच्या काही कंत्राटदारांनी मधेच अंग काढून घेतले, थांब्यावरची वाट पाहणे लांबत गेले. आणि मे 2025 मध्ये किमान भाडे दहा रुपये झाले. स्वस्त तिकिटाचे धोरण आणि गाड्यांचे धोरण दोन वेगळ्या टेबलांवर ठरले की असे होते.

कुठल्याही तालुक्याच्या स्थानकात दुपारी दोनच्या सुमारास जाऊन बसा. श्रावणबाळ योजनेचे दीड हजार काढायला बँकेत आलेली मंडळी फलाटाच्या कट्ट्यावर असतात. पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी कमरेला खोचलेली. वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीतून आवाज येतो, साडेतीनची गाडी रद्द. का, ते कोणी विचारत नाही. कधी चालक नसतो, कधी गाडी कार्यशाळेत, कधी लग्नसराईच्या जादा गाड्यांना पळवलेली. पुढची गाडी गावात रात्रीच्या मुक्कामाला जाणारी, सहानंतरची. बाहेर जीपवाला गावाचे नाव पुकारत उभा असतो, त्याला माहीत असते की आता हे येणारच. तीस किलोमीटरवरच्या गावाहून जाऊन-येऊन पूर्ण तिकीट शंभराच्या आसपास. निम्मी सवलत म्हणजे पन्नास वाचले. ते पन्नास जीपवाल्याला जातात आणि वर टपावर बसायची वेळ येते. यात सवलत कोणाला मिळाली?

आणि रद्द होते ती हीच फेरी का? आगार व्यवस्थापकाच्या जागी बसून पाहा. गाड्या कमी, त्याला रोज वर कळवायचे असते ते उत्पन्न आणि भारमान, म्हणजे गाडी किती भरली ते. लांब पल्ल्याची गाडी संध्याकाळपर्यंत रोकड आणते. गावाकडच्या दुपारच्या फेरीत शून्याची आणि निम्म्याची तिकिटे जास्त. त्यांचे पैसे मंत्रालयातून कधी येतील ते देव जाणे. तो माणूस वाईट नाही, त्याने कात्री लावायला निवडलेली फेरी हिशेबाने बरोबरच आहे. ज्या फेरीत सवलतीचे प्रवासी अधिक, तीच आजच्या पद्धतीत पहिली मरते. सवलत जितकी उदार आणि प्रतिपूर्ती जितकी ढिली, तितकी ही कात्री धारदार.

दिव्यांगांच्या बाबतीत तर तिकिटाची चर्चा जवळजवळ चेष्टेवर जाते. 75 टक्के सूट, सोबत्यालाही सूट, पुढच्या बाजूला राखीव आसनाची पाटी. पण लाल गाडीची पहिली पायरी गुडघ्याएवढी, दार अरुंद, आत वळायला जागा नाही. कुबड्या वापरणारा माणूस आधी कुबड्या आत देतो, मग दांडा धरून अंग वर ओढतो, मागचे लोक 'चला, चला' करत असतात. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला दोघांनी उचलल्याशिवाय इलाज नाही, आणि तरण्या मुलीने अनोळखी पुरुषांकडून उचलून घ्यायचे का, हा प्रश्न कोणत्या परिपत्रकात आहे? दिव्यांग हक्क कायदा 2016 चा. बसगाड्यांत खुर्चीसाठी प्रवेश व ती अडकवण्याची सोय, दांडे, राखीव आसने यांचे केंद्राचे नियम 1 मार्च 2020 पासून लागू झाले. जी गाडी चढताच येत नाही तिच्यात 75 टक्के सूट द्यायला सरकारला काहीच पडत नाही. सवलतीचा हा सर्वांत स्वस्त प्रकार.

हा गोंधळ फक्त आपलाच नाही. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेने 70 वर्षांवरील पुरुष आणि 65 वर्षांवरील स्त्रियांना आपल्या बसमध्ये मोफत प्रवास दिला, तेव्हा एक करदाता न्यायालयात गेला. 1954 मध्ये न्यायालयाने योजना बेकायदा ठरवली. बस हा व्यवसाय, तो व्यवसायासारखा चालवायचा, करदात्यांच्या पैशातून एका गटाला भेट देता येणार नाही, असा एकूण तर्क. तर्क कोरडा असला तरी पोकळ नव्हता. त्याला उत्तर संसदेने 1955 मध्ये कायद्याने दिले: चालू सवलतींना अधिकृत आधार मिळाला आणि खर्च उघडपणे सार्वजनिक खात्यावर आला. आपल्या 1950 च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्यात हीच ओढाताण एकाच कायद्यात बांधलेली आहे. कलम 18 म्हणते, पुरेशी, कार्यक्षम, काटकसरीची सेवा द्या. कलम 22 म्हणते, व्यावसायिक तत्त्वांवर वागा. दोन्ही एकदम पाळायची तर एकच वाट उरते: जी सेवा व्यवसायाला परवडत नाही पण समाजाला हवी आहे, ती समाजाच्या वतीने कोणीतरी पूर्ण किमतीला विकत घ्यायची.

त्या इंग्लंडचाच पुढचा भागही सांगायला हवा, नाहीतर गोष्ट अर्धी राहते. एप्रिल 2008 पासून तिथे ज्येष्ठांना आणि दिव्यांगांना देशभरच्या स्थानिक बसमध्ये गर्दीची वेळ सोडून मोफत प्रवास मिळाला. 2010 नंतर स्थानिक परिषदांचा पैसा आटला. पास कायद्याने दिलेला होता, त्याला हात लावता येत नव्हता. ग्रामीण फेऱ्यांना मात्र तसे संरक्षण नव्हते, म्हणून त्या छाटल्या गेल्या. खेड्यातल्या म्हाताऱ्यांच्या खिशात देशभर चालणारा पास राहिला आणि गावातली बस गेली. आपल्याकडे सवलती वाढवा म्हणणाऱ्यांनी हा इतिहास टेबलावर ठेवून बोलावे.

रेल्वेने उलट टोक गाठले. मार्च 2020 मध्ये ज्येष्ठांची सवलत गेली, साथ संपली तरी ती आलीच नाही. प्रत्येकच तिकिटावर 46 टक्के सूट आहे, असे उत्तर संसदेत मिळाले. उत्तर खोटे नाही. पण सगळ्यांना सारखी सूट आहे म्हणून ज्याला गरज जास्त त्याची वेगळी सूट नको, हा तर्क वातानुकूलित डब्यातून बरा दिसतो.

फेरी विकत घेण्याची कल्पना परकी वाटत असेल, तर मानव विकास मिशनच्या गाड्या आठवा. राज्यातल्या 125 मागास तालुक्यांत मुलींना शाळेत नेण्यासाठी शासनाने आपल्या पैशाने एसटीला गाड्या दिल्या, त्या चालवण्याचा खर्च दिला. शाळेच्या वेळेला गाडी यायची, कारण तिचे पैसे तिकिटांवर अवलंबून नव्हते. तेच तत्त्व बाजाराच्या दिवसाला, पेन्शनच्या आठवड्याला, ग्रामीण रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण वेळेला लावा. प्रत्येक तालुक्यासाठी वर्षाच्या सुरुवातीला ठरवा, या गावांना दिवसातून इतक्या फेऱ्या, इतक्यांत चाकाची खुर्ची चढणारी गाडी. किलोमीटरमागे ठरलेला दर तिमाहीच्या आधी एसटीला द्या, उशीर झाला तर सरकारने व्याज भरावे. फेरी रद्द झाली तर एसटीचे पैसे कापावेत, म्हणजे आगारालाही साडेतीनची गाडी कापताना विचार करावा लागेल.

यावर आक्षेप येईल की रिकाम्या गाड्या पैसे घेऊन फिरतील. काही फिरतील. म्हणून दराचा छोटा भाग प्रवासीसंख्येवर ठेवा आणि वर्षाअखेरीस मार्ग बदला. पैशाचे म्हणाल तर आजची प्रतिपूर्ती, प्रवासी कराचे उत्पन्न आणि अधूनमधून एसटीला जगवण्यासाठी दिली जाणारी मदत हे तीन प्रवाह सध्या तीन दिशांनी वाहतात. ते एकत्र करणे ही पहिली पायरी. त्याने सगळे भागणार नाही, राज्याला जास्तीचे घालावे लागतील, आणि ते सरळ अर्थसंकल्पात लिहून घालावेत. साध्या गाडीचे भाडे सर्वांसाठी उतरवायचे ते याच पैशातून.

थोडी बचतही सुचवतो, ती कोणाला आवडणार नाही. शिवनेरीसारख्या गाड्यांतल्या वयाच्या आणि महिलांच्या सवलती बंद कराव्यात, दिव्यांगांची ठेवावी. मुंबई–पुणे वातानुकूलित गाडीने जाणाऱ्या माझ्यासारख्यांच्या नातेवाइकांकडे रेल्वे आहे, मुलाची मोटार आहे, ओला-उबर आहे. ओरडा मोठा होईल, कारण वर्तमानपत्राला पत्र लिहिणारे याच गाडीत बसतात. प्रयोगाची सुरुवात गडचिरोली विभागापासून करावी, तिथे जीपवालाही सहज भेटत नाही. आणि पहिल्याच तिमाहीपासून प्रत्येक स्थानकावर तीन रकाने लावावेत: ठरलेल्या फेऱ्या, धावलेल्या फेऱ्या आणि सरकारने पैसे जमा केल्याची तारीख.